डिस्क ‘क्लीन’ आहे, पण फाइली कुठे गेल्या? : माउंट न होण्याचा इतिहास

(भागाचं लिखित रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग सुरू करण्याआधी माझी एक जुनी चूक कबूल करतो.

भारनियमनाचे दिवस होते. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या लहान गावांत राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. वीज जायची वेळ ठरलेली असायची, पण ती वेळ पाळायचं बंधन विजेवर नव्हतं. मी ज्या ऑफिसात संगणक सांभाळायचो तिथे एक लिनक्स मशीन होतं आणि सगळ्यांच्या फाइली त्याच्यावर होत्या. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली. एका दुपारी वीज गेली, यूपीएस एकदाच किंचाळला आणि मशीन बंद पडलं.

वीज आल्यावर मशीन चालू केलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मतलब असा, की डेटाची डिस्क तपासताना गडबड सापडली आहे, आपोआप दुरुस्त होणार नाही, रूटचा पासवर्ड द्या आणि हातानं दुरुस्ती करा. माझ्या मागे पाच-सहा जण उभे. त्यांत एक काका होते. त्यांनी तीन वर्षं गावोगावच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी वहीतून टाइप करून त्या मशीनवर ठेवल्या होत्या.

मी पासवर्ड दिला आणि दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला, एफएससीके. तो प्रश्न विचारत सुटला. हे दुरुस्त करू? ते पुसू? पंधरा-वीस वेळा ‘वाय’ दाबलं, कंटाळलो, प्रोग्राम थांबवला आणि ‘सगळ्याला हो’ असा पर्याय देऊन पुन्हा चालवला. थोड्या वेळानं डिस्क माउंट झाली.

“झालं का हो?” काकांनी विचारलं.

“झालं काका. क्लीन दाखवतंय.”

मग त्यांचं फोल्डर उघडलं. ते फोल्डरच नव्हतं.

डिस्क क्लीन होती आणि काकांच्या फाइली नव्हत्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला त्या दिवशी समजलं नाही. समजायला मला थेट १९६९ सालापर्यंत मागे जावं लागलं. आज तिकडेच जाऊया.

तीन नोंदी आणि मधेच गेलेली वीज

आधी ‘माउंट’ हा शब्द. जुन्या मोठ्या संगणकांवर टेपची रिळं आणि डिस्कच्या जाडजूड चकत्या माणसानं उचलून यंत्रावर चढवायच्या असत. चढवणं म्हणजे माउंट. आज आपण काही उचलत नाही, पण अर्थ तोच राहिला: ही डिस्क आता सिस्टीमच्या फोल्डरांच्या झाडाला जोड आणि हिच्यावर विश्वास ठेवून काम कर. यातला विश्वास हा भाग लक्षात ठेवा.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि रड कॅनडे यांनी युनिक्सच्या फाइल सिस्टीमचा आराखडा मांडला. त्यांची युक्ती आजही बहुतेक ठिकाणी टिकून आहे. प्रत्येक फाइलचं एक कार्ड असतं, त्याला म्हणतात इनोड. फाइल किती मोठी, कोणाची, तिचा मजकूर डिस्कच्या कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, हे सगळं त्या कार्डावर. फाइलचं नाव मात्र कार्डावर नसतं. नाव असतं डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, आणि नावासमोर फक्त इनोडचा नंबर. तिसरी एक यादी असते: कोणते ब्लॉक रिकामे आहेत.

आता बघा, एक नवी फाइल बनवायची तर किमान तीन ठिकाणी लिहावं लागतं. इनोड भरा, डिरेक्टरीत नाव घाला, मोकळ्या ब्लॉकांच्या यादीतून ब्लॉक वजा करा. तिन्ही जागा डिस्कवर वेगवेगळ्या कोपऱ्यांत. डिस्क एका क्षणी एकाच जागी लिहिते. शिवाय डिस्क मंद म्हणून युनिक्स बदल आधी मेमरीत साठवायचं, आणि एक छोटा प्रोग्राम दर तीस सेकंदांनी ते सगळं डिस्कवर उतरवायचा.

म्हणजे कोणत्याही क्षणी डिस्कवरचं चित्र थोडं शिळं आणि थोडं अर्धवट असतं. सिस्टीम नीट बंद केली तर शेवटी सगळं उतरवलं जातं. मधेच कोसळली, तर तीनपैकी दोनच नोंदी झालेल्या असू शकतात. डिरेक्टरीत नाव आहे, पण इनोड रिकामा. किंवा त्याहून वाईट: एक ब्लॉक एका फाइलच्या कार्डावर आहे आणि मोकळ्या यादीतही आहे. अशी डिस्क विश्वासानं माउंट केली, की पुढची फाइल बिनदिक्कत त्याच ब्लॉकवर लिहिली जाते. एक फाइल दुसरीला खाते, आणि कळतं महिन्यानं.

हाताची दुरुस्ती

१९७० च्या दशकातल्या युनिक्सवर यावर उपाय होता, पण तो माणसाच्या डोक्यातून जायचा. आयचेक नावाचा प्रोग्राम ब्लॉकांचा हिशोब तपासायचा. डीचेक डिरेक्टऱ्या आणि इनोड यांचा मेळ घालायचा. एनचेक इनोडच्या नंबरावरून नाव शोधून द्यायचा. हे मुख्यतः चूक दाखवायचे, तोडगा तुम्ही काढायचा. सीएलआरआय नावाची आज्ञा तर एखाद्या इनोडचं कार्ड सरळ कोरं करायची. नंबर चुकला तर भलत्याच फाइलचा बळी.

म्हणजे मशीन कोसळलं की फाइल सिस्टीम आतून कशी आहे हे पाठ असलेला माणूस जवळ असावा लागायचा. बेल लॅब्समध्ये तशी माणसं होती. पण युनिक्स विद्यापीठांत आणि कंपन्यांत पसरायला लागलं, तिथे ती कुठून आणणार?

म्हणून एफएससीके आलं. ते लिहिलं टेड कोवाल्स्की यांनी, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. नाव ‘फाइल सिस्टीम चेक’चं आखूड रूप. (डेनिस रिचींच्या नावावर एक किस्सा सांगतात, की या नावातलं दुसरं अक्षर मुळात वेगळं होतं. कोणतं, ते ज्यांनी हा प्रोग्राम रात्री दोन वाजता चालवलाय त्यांना सांगायला नको.)

एफएससीकेचं काम पाच टप्प्यांत चालतं, आणि हे टप्पे आजच्या आवृत्त्यांतही ओळखू येतात. पहिला, प्रत्येक इनोड बघ आणि त्याचे ब्लॉक मोज. एकच ब्लॉक दोघांकडे आहे का? दुसरा, डिरेक्टऱ्यांतली नावं खऱ्या इनोडकडे बोट दाखवतात का? तिसरा, प्रत्येक डिरेक्टरी मूळ डिरेक्टरीपर्यंत पोचते का? चौथा, एका फाइलला किती नावं आहेत हा आकडा जुळतो का? पाचवा, मोकळ्या ब्लॉकांची यादी बरोबर आहे का?

एखादा इनोड भरलेला आहे, पण कोणत्याच डिरेक्टरीत त्याचं नाव नाही, असं झालं तर? मजकूर आहे, नाव हरवलंय. त्याच्यासाठी ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाची डिरेक्टरी. पोलीस चौकीत सापडलेल्या वस्तू ठेवतात ना, तशी. नाव माहीत नसल्यामुळे फाइलीला इनोडचा नंबरच नाव म्हणून मिळतो. ही डिरेक्टरी आधीपासून बनवून, तिच्यात रिकाम्या जागा राखून ठेवत. कारण दुरुस्ती चालू असताना कोणता ब्लॉक खरंच मोकळा आहे याचीच खात्री नसते, तेव्हा नवीन जागा मागायची कोणाकडे?

आता मुख्य मुद्दा. एफएससीके काय जुळवतं? नोंदींचा मेळ. ‘दोघांकडे एकच ब्लॉक आहे’ हे भांडण ते मिटवतं, पण ब्लॉकमध्ये काकांच्या विहिरी आहेत की कचरा, हे त्याला कळत नाही. मेळ बसवायला फाइल पुसावी लागली तर ते पुसतं, तुमची परवानगी घेऊन. माझ्या प्रत्येक ‘वाय’चा अर्थ तो होता.

क्रम आणि वेग

१९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडीमध्ये नवी, वेगवान फाइल सिस्टीम आली. मार्शल कर्क मॅक्युसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफलर आणि रॉबर्ट फॅब्री यांचं हे काम. क्रॅशच्या दृष्टीनं तिच्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, सुपरब्लॉकच्या प्रती. सुपरब्लॉक म्हणजे फाइल सिस्टीमचं पहिलं पान: आकार किती, ब्लॉक केवढा. तो वाचता आला नाही तर माउंट होणंच शक्य नाही, म्हणून त्याच्या प्रती डिस्कभर ठेवल्या. दुसरी, क्रम. आधी इनोड डिस्कवर लिहा, मगच डिरेक्टरीत नाव घाला. म्हणजे मधे वीज गेली तर फार तर एक बेवारस इनोड राहील, कोऱ्या कार्डाकडे बोट दाखवणारं नाव राहणार नाही. हा क्रम पाळायला प्रत्येक वेळी डिस्कची वाट बघावी लागे, त्यामुळे गती कमी व्हायची.

लिनक्सची ईएक्सटी२ फाइल सिस्टीम १९९३ साली आली. रेमी कार, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांची. तिनं उलट निवड केली: नोंदी मेमरीत ठेवायच्या, सवडीनं उतरवायच्या, आणि क्रॅश झालाच तर एफएससीकेवर भिस्त. वेग मस्त. सुपरब्लॉकमध्ये एक खूण असायची: नीट बंद केली की ‘क्लीन’. पुढच्या वेळी ती खूण दिसली नाही की संपूर्ण तपासणी. शिवाय ठरावीक वेळा माउंट झाल्यावर, किंवा सहा महिने उलटल्यावर, काही बिघडलं नसतानाही तपासणी. ज्यांनी त्या काळात लिनक्स वापरलं त्यांना आठवत असेल, नेमकी घाईच्या दिवशीच ती निघायची.

डिस्क लहान होत्या तोवर हे चाललं. पण एफएससीकेला सगळी डिस्क बघावी लागते. डिस्क दसपट मोठी झाली की वाट बघणंही वाढत जातं. शेकडो लोक ज्या सर्व्हरवर अवलंबून आहेत तो वीज गेल्यावर काही तास फक्त तपासणीत घालवणार, हे परवडेना.

किर्द आली

यावरचं उत्तर आपल्या दुकानदारांना शतकांपासून माहीत होतं. रोजचा व्यवहार आधी किर्दीत लिहायचा, आणि नंतर किर्दीवरून खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवायचा. खतावणीत चढवताना मुनीम मधेच उठून गेला, तर सगळी खतावणी तपासायची गरज नाही. किर्दीचं शेवटचं पान उघडा, आणि जे चढवायचं राहिलं ते चढवा. व्यवहार किर्दीतच अर्धा लिहिलेला असेल, तर तो झालाच नाही असं समजा.

संगणकात हा विचार १९७० च्या दशकात डेटाबेसवाल्यांनी पक्का केला. फाइल सिस्टीममध्ये तो आणणाऱ्यांत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातले रॉबर्ट हॅगमन हे महत्त्वाचं नाव. सीडार नावाच्या फाइल सिस्टीमवर १९८७ साली त्यांनी तो करून दाखवला. १९९० साली आयबीएमच्या एआयएक्समध्ये जेएफएस आली, १९९३ साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस, १९९४ साली सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस. आणि १९९८ साली स्टीफन ट्वीडी यांनी ईएक्सटी२ ला किर्द कशी जोडायची याचा निबंध मांडला. तिचं नाव ईएक्सटी३. लिनक्सच्या २.४.१५ आवृत्तीत, नोव्हेंबर २००१ मध्ये, ती मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली. योगायोग बघा, त्याच आवृत्तीत माउंट काढताना फाइल सिस्टीम बिघडू शकेल अशी एक वेगळीच चूक निघाली, आणि काही दिवसांतच २.४.१६ काढावी लागली.

इंग्रजीत या किर्दीला ‘जर्नल’ म्हणतात, आणि तो शब्दही हिशोबाच्या वह्यांतलाच. आता क्रॅशनंतर माउंट करताना कर्नल जर्नल वाचतो, राहिलेलं चढवतो, आणि काही सेकंदांत डिस्क तयार. आज तुमचा लॅपटॉप अचानक बंद पडूनही मुकाट चालू होतो तो याच्यामुळे.

किर्दीची मर्यादा

पण इथेही तीच मेख आहे. ईएक्सटी३ च्या नेहमीच्या पद्धतीत जर्नलमध्ये जातात त्या नोंदी: इनोड, डिरेक्टरी, मोकळ्या ब्लॉकांची यादी. फाइलचा मजकूर त्यात जात नाही. मजकूर आधी जागेवर लिहायचा आणि मग नोंद पक्की करायची, एवढा क्रम पाळला जातो. सगळं जर्नलमध्ये टाकायचा पर्याय आहे, पण मग प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागते.

२००९ साली हे चव्हाट्यावर आलं. ईएक्सटी४ नवीन होती. वेगासाठी ती मजकुराला डिस्कवर जागा देणं लांबणीवर टाकायची. मशीन कोसळलं की लोकांच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या व्हायच्या. नाव आहे, कार्ड आहे, आत काही नाही. फाइल सिस्टीम मात्र क्लीन! त्सो यांचं म्हणणं होतं, की मजकूर डिस्कवर गेल्याची हमी हवी तर प्रोग्रामनं ‘एफसिंक’ ही विनंती करायला हवी. नियमानं ते बरोबर होतं, पण ज्याची फाइल गेली त्याला नियमाचं काय? शेवटी २.६.३० आवृत्तीत नेहमीच्या प्रसंगांसाठी वागणूक बदलली, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीही धडा घेतला.

दुसरी बाजू सन मायक्रोसिस्टिम्सच्या झेडएफएसनं मांडली, २००५ साली. जुन्या ब्लॉकवर लिहायचंच नाही. नवं नव्या जागी लिहायचं, आणि सगळं झाल्यावर एका फटक्यात मूळ पान बदलायचं. शिवाय प्रत्येक ब्लॉकची बेरीज जपून ठेवायची, म्हणजे मजकूर बिघडला तर तेही कळतं. तिला एफएससीके नाहीच. पण बिघडलं हे कळणं आणि बरा मजकूर परत मिळणं यात फरक आहे. दुसरी प्रत कुठेतरी असेल तरच ती परत आणता येते.

मग आज काय करायचं?

हा सगळा इतिहास कामाला येतो तो काळा पडदा समोर आल्यावर. माउंट नाकारणं म्हणजे मशीन म्हणतंय, ‘मला खात्री नाही, मी पुढे लिहिणार नाही.’ त्या क्षणी घाई करायची नाही.

पहिलं, कारण वाचा. डीमेसेज आज्ञा देऊन कर्नलचं म्हणणं बघा. कित्येकदा फाइल सिस्टीम ठणठणीत असते. एफएसटॅब फाइलीत एखाद्या काढून ठेवलेल्या डिस्कची ओळ असते, सिस्टीम दीड मिनिट तिची वाट बघते आणि मग आणीबाणीच्या पडद्यावर आणून सोडते. अशा ओळीला ‘नोफेल’ पर्याय द्यावा. डिस्कचं नाव बदलू शकतं, म्हणून तिथे यूयूआयडी लिहावा.

दुसरं, विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असेल तर २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेलं ‘फास्ट स्टार्टअप’ आठवा. तिथे ‘शटडाउन’ म्हणजे अर्धी झोप असते. लिनक्सनं एनटीएफएस पार्टिशनवर लिहायला नकार दिला तर जबरदस्ती करू नका. विंडोजमध्ये जाऊन ते बंद करा आणि पूर्ण शटडाउन करा.

तिसरं, आणि हे माझ्या चुकीचं. वाचता न आल्याच्या, म्हणजे इनपुट-आउटपुटच्या चुका दिसत असतील, तर आजारी डिस्क आहे, नोंदी नव्हेत. अशा डिस्कवर एफएससीके चालवायचं नाही. आधी डीडीरेस्क्यूनं तिची जमेल तेवढी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर.

चौथं, ‘फक्त वाचायला’ माउंट केलं म्हणजे डिस्कला हात लागत नाही असं समजू नका. ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ तशाही माउंटमध्ये जर्नल चढवतात, म्हणजे डिस्कवर लिहितात. खरंच काही लिहायचं नसेल तर ‘नोलोड’ पर्याय हवा. एक्सएफएसचं उलट: तिचा दुरुस्ती प्रोग्राम जर्नल भरलेलं दिसलं तर अडतो आणि आधी माउंट करा म्हणतो. तो जर्नल पुसायचा पर्यायही देतो, पण तो अगदी शेवटचा.

पाचवं, पहिला सुपरब्लॉक गेला असेल तर प्रती आहेत. चार केबीच्या ब्लॉकांच्या ईएक्सटी फाइल सिस्टीममध्ये पहिली प्रत ३२७६८ व्या ब्लॉकवर असते. आणि एफएससीके माउंट असलेल्या डिस्कवर कधीही नाही.

आता परत त्या दुपारकडे. नंतर कर्नलच्या नोंदी वाचल्या, तेव्हा दिसलं की डिस्क आठवडाभर कुरकुरत होती. काही ब्लॉक वाचताच येत नव्हते. अशा जागी एफएससीके दोन प्रश्न विचारतं: चुकीकडे दुर्लक्ष करू का? आणि या ब्लॉकवर पुन्हा लिहून टाकू का? मी दोन्हीला आंधळं ‘हो’ म्हटलं होतं. वाचता न आलेल्या जागी जे हाती लागलं, बहुतेक शून्यंच, ते लिहिलं गेलं. त्या काळच्या मांडणीत एका ब्लॉकमध्ये ३२ इनोड बसायचे. म्हणजे एका ‘हो’मध्ये ३२ कार्डं कोरी. काकांच्या फोल्डरचं कार्ड त्यांतलंच एक असावं.

नशिबानं बहुतेक फाइलींची स्वतःची कार्डं दुसरीकडे होती. त्या लॉस्ट अँड फाउंडमध्ये सापडल्या, नुसत्या नंबरांच्या नावानं. काका आणि मी रोज संध्याकाळी बसायचो. मी फाइल उघडायचो, ते चष्मा वर करून दोन ओळी वाचायचे आणि विहीर ओळखायचे. ‘ही पाटलांच्या मळ्यातली. हिचं पाणी मार्चमध्येच खाली जातं.’ अशी सगळी नावं परत दिली. काही मिळाल्या नाहीत, त्या वह्यांवरून पुन्हा टाइप केल्या. एका वहीला वाळवी लागली होती, ते वर्ष गेलं ते गेलंच.

एफएससीकेनं फाइली वाचवल्या, पण विहिरींची नावं काकांना माहीत होती म्हणून त्या कामाच्या झाल्या. तेव्हापासून त्या ऑफिसात दर शनिवारी दुसऱ्या डिस्कवर प्रत घेतली जायची, आणि ती काढायची आठवण काका मला करायचे.

तुमची शेवटची प्रत कधीची आहे, ते आज बघून ठेवा. भेटू पुढच्या भागात.